तीन खोल्यांतली मोजणी

दि. ३ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र परवा मिळालं. अक्षर अजून तसंच आहे, ओळीवर न बसणारं. कानाचं नवीन यंत्र शिट्टी मारतं म्हणून तू ते डबीत ठेवून दिलंस हे वाचून हसू आलं. शिट्टी ऐकू येते म्हणजे यंत्र चालतंय की. पण राहू दे. फोनवर ओरडून शेजाऱ्यांना सगळं सांगण्यापेक्षा आपलं पत्र बरं. माझं ठीक चाललंय. गुडघा कुरकुरतो, पण पायऱ्या चढू देतो. निवृत्तीला सात महिने उरलेत आणि आतापासूनच लोक माझ्या खुर्चीकडे बघून जातात.

मुंगीला आमच्या विभागात जागा मिळाली हे मला तुझ्याआधी कळलं होतं. निवड समितीत मी नव्हतो, मुद्दामच नाव काढून घेतलं होतं. फळ्यावर यादी लागली तेव्हा साहेबांनीच मला हाताला धरून तिथे नेलं. "भाची हुशार आहे हो तुमची," म्हणाले. मी हो म्हटलं. आनंद झालाच. तू लिहितेस, तिच्या बाबांना आज किती बरं वाटलं असतं.

ती तिथे नेमकं काय करणार, असं तू विचारलंयस. नवरा आणि भाऊ, दोघं तीस वर्षं एकाच खात्यात, आणि तू हे आत्ता विचारतेस. चूक तुझी नाही म्हणा. आम्ही घरी आलो की पहिल्यांदा जेवायला काय आहे तेच विचारायचो. आणि खड्डे मोजायची नोकरी म्हटल्यावर तू लग्नाच्या पंगतीतच विचारलं होतंस, म्हणजे रस्ते खात्यात का.

तर ऐक. एका मोठ्या ग्रहाभोवती बर्फाचे चंद्र फिरतात. आमच्या वाट्याला त्यांतला चौथा आलेला. तिथली थंडी अशी की बर्फ दगडाइतकं कडक. पण हा चंद्र ग्रहाच्या कधी जवळ येतो, कधी लांब जातो, आणि ग्रह त्याला दर फेरीत ताणतो नि सैल सोडतो. तार पुढेमागे वाकवत राहिलं की ती हाताला गरम लागते ना, तसाच तो आतून गरम राहतो. वर बर्फाचं कवच, खाली पाणी. चांगला समुद्र असतो. ते पाणी गोठायला लागलं की फुगतं, कवचाला भेगा पडतात, भेगांतून खालचं मऊ बर्फ वर येऊन पसरतं आणि जुने खड्डे बुजून जातात. जमीन नवी होते.

ही ताणाताणी थांबली, म्हणजे चंद्राची वाट गोल झाली, की आतली ऊब संपत जाते. कवच जाड होतं, समुद्र आकसतो. एखादी शेवटची मोठी भेग पडते आणि मग काही होत नाही. आकाशातून दगड पडत राहतात, त्यांचे खड्डे पडत राहतात, आणि ते बुजवायला कोणी नसतं. म्हणून आम्ही खड्डे मोजायचो. खड्डे कमी, तर जमीन तरुण, खाली अजून धुगधुगी आहे. खड्ड्यांवर खड्डे असतील तर तिथे सगळं केव्हाच संपलंय.

आणि मोजायचे तेही तीन खोल्यांत. एकच फोटो, मोठ्या कागदावर छापलेला, तीन जणांनी वेगवेगळ्या खोल्यांत बसून पेन्सिलीने गोल करत मोजायचा. एकमेकांशी त्याबद्दल अक्षर बोलायचं नाही. आकडा पाकिटात घालून साहेबांकडे द्यायचा. दोघांचे आकडे जुळले आणि तिसऱ्याचा लांब गेला तर तिसऱ्याचा खोडायचा. माणसाची नजर थकते, मनाला हवं तेच दिसतं, म्हणून हा नियम. पहिल्या खोलीत भावोजी, दुसऱ्या खोलीत मी, तिसऱ्या खोलीत त्या उंच बाई, ज्यांना तू एकदा चहाला बोलावलं होतंस.

मुंगीला सुरुवातीला जुन्या कागदांची फेरमोजणी देणार आहेत असं ऐकतोय.

तू भावोजींच्या वह्या तिला देणार म्हणतेस. एवढ्यात देऊ नकोस. पोरीला आधी स्वतःच्या नजरेने काम करू दे. बापाच्या वह्या काय, कुठे पळून जात नाहीत.

तुझा,
भाऊ


दि. १९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तू चिडलीस. अपेक्षा होतीच. "माझ्या नवऱ्याच्या वह्या माझ्या मुलीला द्यायला तुझी परवानगी लागत नाही." बरोबर आहे तुझं. मी ते वाक्य नको होतं लिहायला.

पण पुढे तू जे लिहिलंयस ते वाचून मी पत्र घडी करून बाजूला ठेवलं आणि दोन दिवस उघडलं नाही. मुंगी म्हणते, बाबा इतके काटेकोर, मग ते इतके कसे चुकले, ते मला शोधून काढायचंय. आणि तू तिला म्हणालीस, शोधायचं काय त्यात, केला निष्काळजीपणा, स्वतःच्या तोंडाने कबूल केलंय. ताई, माझी तुला विनंती आहे, तिच्यापुढे असं बोलू नकोस. कारण विचारू नकोस.

ती सोमवारी विभाग बघायला आली होती. रुजू व्हायचं दहा तारखेला, पण तिला धीर कुठला. अगदी भावोजींसारखी चालते, खांदा एका बाजूला पाडून. साहेबांनी तिला कागदांची खोली उघडून दिली. मी म्हटलं, माझं काम आहे, मी निघतो. पण तिने माझी बाही धरून ठेवली. लहानपणी धरायची तशीच. म्हणाली, "मामा, तुम्ही नाही तर मला कोण दाखवणार?"

तिने भावोजींचे कागद एकेक करून काढले. तुला ठाऊक आहे, ते डावखुरे. लिहिताना हात स्वतःच्याच पेन्सिलीवरून फिरायचा, म्हणून त्यांचा प्रत्येक कागद काळपट, आणि करंगळीची कड तर कायम शिशाने माखलेली. तू त्यांच्या शर्टाच्या बाह्यांवरून किती बोलायचीस. मुंगी ते कागद बघून हसत होती, डोळे पुसत होती. मग चौथ्या चंद्राच्या मैदानाचा कागद आला. तोच, ज्याच्यावरून पुढे सगळं झालं. तो तिने खिडकीपाशी नेला, उलटसुलट केला, आणि सहज म्हणाली, "मामा, हा एकच कागद बाबांनी स्वच्छ ठेवलाय."

मी म्हटलं, असेल, महत्त्वाचा होता ना. कागद जागेवर ठेवताना मात्र तिने त्याचा क्रमांक आपल्या वहीत लिहून घेतला.

तेव्हापासून मला जेवण जात नाही. तू म्हणशील, वय झालं. वयाचं नाही हे.

पुढचं लिहायला बसलो आहे, पण आज लिहून होणार नाही. तू रागातच राहा थोडे दिवस. तेच बरं पडेल.

तुझा,
भाऊ


दि. २ मार्च

ताई,

हे पत्र मी दोनदा फाडलं. तिसऱ्यांदा लिहितोय, आणि तुझं उत्तर माझ्यासमोर उघडं ठेवलंय. तुझं एकच वाक्य: "तुला काही माहीत असेल तर लिही, नसेल तर कोड्यात बोलू नकोस."

माहीत आहे. मैदानाचा तो कागद भावोजींनी मोजलाच नव्हता. तो मी मोजला. दुसऱ्या खोलीतलाही मीच मोजला, आणि पहिल्या खोलीतलाही.

त्यांचे डोळे निवृत्तीनंतर गेले असं तू समजतेस. तसं त्यांनीच तुला सांगितलं. खरं तर ते अकरा वर्षांपूर्वीच जायला लागले होते. समोर मधोमध डाग दिसायचा, कडेकडेचं दिसायचं. त्यांनी मला विभागाच्या जिन्यात सांगितलं. तुला का नाही, विचारलं तर म्हणाले, आई अंथरुणाला खिळलीय, ही दिवसभर तिचं करतेय, हिच्या डोक्यावर आणखी एक नको. ते दुसऱ्याच दिवशी साहेबांना सांगून मोजणीतून बाहेर पडणार होते. अर्जही लिहिला होता त्यांनी. मी त्यांना अडवलं.

का अडवलं ते सांगतो, आता लपवून काय करू. यान आधीच वाटेवर होतं. चौथ्या चंद्राजवळून ते एकदाच जाणार होतं, आणि कशावरून जायचं ते ठरवायला दोन महिने उरले होते. दक्षिणेकडचा भेगांचा पट्टा की मधलं गुळगुळीत मैदान. मैदान माझं होतं. ते तरुण आहे, खालचा समुद्र तिथे वर आलाय, हे पहिल्यांदा मी म्हटलं होतं, सगळ्यांसमोर, छाती काढून. पहिली खोली रिकामी झाली असती तर बाहेरचा माणूस आला असता, मोजणी लांबली असती, आणि निर्णय मैदान सोडून झाला असता. मी भावोजींना म्हटलं, एकच कागद तर आहे, तुमच्या वतीने मी मोजतो, मग खुशाल अर्ज द्या. ते नको म्हणाले. मी दोन दिवस त्यांच्या मागे लागलो. शेवटी म्हटलं, माझ्यासाठी एवढंही नाही करणार? मेहुण्याला नाही म्हणणं त्यांना कधी जमलं नाही, ते तुला माहीत आहे. पुढे ते मोजणीतून बाहेर पडले तेही डोळ्यांचं नाव न काढता, नाहीतर तो कागद उघडा पडला असता.

त्यांच्यासारखे आकडे काढायला मी शिकलो. माझ्या खोलीत पंचवीस आले, त्यांच्या नावावर तेवीस टाकले, संशय नको म्हणून. हात मात्र उजवा होता. कागद स्वच्छ राहिला. अकरा वर्षं माझ्या ते लक्षात आलं नाही, आणि तुझ्या पोरीने दोन मिनिटांत पाहिलं.

तिसऱ्या खोलीतल्या बाईंचा आकडा आला एकशे चौसष्ट. दोन जुळले, एक लांब गेला. नियमाप्रमाणे त्यांचा खोडला. त्या एवढंच म्हणाल्या, "पुन्हा मोजा." कोणी मोजलं नाही. महिन्याभरात त्या नोकरी सोडून गेल्या. निघताना त्यांनी माझ्याशी हात मिळवला, कारण त्यांना काहीच माहीत नव्हतं.

पण ताई, मी इथे थांबलो तर तू म्हणशील, एवढंच ना, नजर चुकली, माणूस चुकतो. तेवढंच नाही.

पाकिटं बंद करायच्या आदल्या दिवशी भावोजी माझ्या खोलीत आले. यायचं नसतं, तरी आले. त्यांनी विचारलं, "फोटो काढला तेव्हा सूर्य कुठे होता?" मी म्हटलं, डोक्यावर. ते म्हणाले, "मग सावल्याच नाहीत. सावली नाही तर खड्डा दिसणार कसा? त्या मैदानाची तिरप्या उन्हातली एक फोटोपट्टी आहे, जुनी, तिसऱ्या कपाटात. ती काढून बघ." ज्या माणसाला फोटो दिसत नव्हता त्याने न बघता ओळखलं. मी ती पट्टी काढली नाही. काढली असती तर दोन्ही खोल्यांचं मोजणं पहिल्यापासून करावं लागलं असतं. आणि खरं सांगू, मला ती बघायचीच नव्हती. दुसऱ्या दिवशी मी त्यांना सांगितलं, "काढली, बघितली, स्वच्छ आहे."

त्यांनी विश्वास ठेवला. "मग देव पावला," म्हणाले.

बाईंनी ती पट्टी काढली होती.

पुढचं तुला माहीत आहे. तीन वर्षांनी यान मैदानावरून गेलं. सगळा विभाग मोठ्या पडद्यासमोर उभा होता, भावोजी माझ्या शेजारी. मला म्हणाले, "मला सांगत जा काय दिसतंय ते." तिरप्या उन्हातले फोटो येत गेले. खड्डे. खड्ड्यांत खड्डे. किती कोटी वर्षांत तिथे काही हललं नव्हतं. गुळगुळीत दिसत होतं ते फक्त उन्हामुळे. दक्षिणेचा भेगांचा पट्टा लांबून एका फोटोच्या कडेला आला, आणि त्याच्या वर धुकट असं काहीतरी होतं. वाफ असेल, फोटोचा दोष असेल, कोणी ठामपणे सांगू शकलं नाही. इंधन संपत आलं होतं. यान ग्रहात सोडून दिलं. तिथे पुन्हा कोणी जाणार असेल तर ते माझ्या हयातीत नाही, आणि बहुतेक मुंगीच्याही नाही. भावोजी विचारत होते, "काय दिसतंय?" आजूबाजूच्यांच्या गप्प राहण्यावरून त्यांना कळलं.

चौकशीत आधी मला बोलावलं. एकमेकांचे आकडे आधी पाहिले होते का? मी म्हटलं, नाही. मग भावोजी आत गेले. बाहेर आले तेव्हा भिंतीला हात लावून चालत होते. माझ्यापाशी थांबून म्हणाले, "वरिष्ठ मी, मोजणी माझी, चूक माझी, असं सांगून आलोय. माझी दोन वर्षं राहिलीत, तुझी आठ. आता गप्प बस." आणि मग, "ती पट्टी तू खरंच काढली होतीस ना?"

मी म्हटलं, हो.

हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. दवाखान्यात त्यांच्या शेवटच्या आठवड्यात मी रोज सांगायचं ठरवून जायचो आणि पाण्याची बाटली भरून देऊन परत यायचो. त्यांनी एकदाच विषय काढला. म्हणाले, "जमलं तर हिला सांग कधीतरी, डोळ्यांचं." मी बरं म्हटलं. त्याला आता दोन वर्षं झाली.

मी स्वतःहून पुढे आलो असं समजू नकोस. तो कागद पोरीच्या हाती लागला नसता तर मी सहा महिन्यांनी हार घालून घेऊन, भाषण ठोकून घरी गेलो असतो, आणि तू मरेपर्यंत नवऱ्याला नावं ठेवली असतीस, आणि मी तुझ्या समोर बसून ती ऐकली असती. आठ वर्षं ऐकलीच. तू म्हणायचीस, साधे खड्डे मोजता आले नाहीत या माणसाला. मी मान डोलवायचो.

साहेबांना सगळं लेखी दिलंय, काल. त्याची प्रत सोबत आहे. तिसऱ्या खोलीतल्या बाईंचा पत्ता मिळवून त्यांनाही पाठवलीय. मुंगीने दहा तारखेला रुजू व्हायच्या आत हे तुझ्या तोंडून ऐकावं, कागदांतून नको, म्हणून घाई केली. आता वह्या तिला दे. सगळ्या दे. याने काही सुधारेल असं मला वाटत नाही. बाई सोडून गेल्या, यान गेलं, भावोजी गेले. ते मैदान तर आधीच मेलेलं होतं, आपण फक्त चुकीच्या जागी बघितलं.

इथपर्यंत तिला वाचून दाखव. याच्या पुढचं तुझ्यासाठी आहे.

चौकशीच्या दिवशी संध्याकाळी मी त्यांना घरी सोडायला आलो होतो. मी दारातच उभा होतो, चपला न काढता. तू त्यांना विचारलंस, "तुम्ही केलंत हे? माझ्याकडे बघून सांगा." त्यांनी मान वळवली, भिंतीतल्या कपाटाकडे, आणि म्हणाले, "हो, मीच." तू म्हणालीस, "डोळ्याला डोळा भिडवून खोटं बोलायचीही हिंमत नाही आणि खरं बोलायचीही नाही." त्याच आठवड्यात तू आपलं अंथरूण आईच्या रिकाम्या खोलीत नेलंस. ते गेले तोवर अंथरूण तिथेच राहिलं. पुढे त्यांनी डोळ्यांचं सांगितलं, पण निवृत्तीनंतरचं म्हणून सांगितलं. मग त्या संध्याकाळशी तू ते कसं जोडणार.

ताई, समोर बघितलं की त्यांना तुझ्या चेहऱ्याच्या जागी डाग दिसायचा. चेहरा बघायचा तर नजर बाजूला न्यावी लागायची. जिन्यात त्यांनी मला सांगितलं होतं, की आता हिच्याकडे बघायचं तर कपाटाकडे बघावं लागतं. त्या संध्याकाळी ते तुझ्याकडेच बघत होते. तू बघून सांगा म्हणालीस आणि त्यांनी तुझ्याकडे बघूनच सांगितलं. मला ते दारातून दिसत होतं, कळतही होतं, आणि मी येतो म्हणालो आणि जिना उतरलो.

तेव्हा न बोललेला,
तुझा भाऊ